डोंगराला विचारून निघायचं: पेरूमधल्या औसांगाते पर्वताभोवतीचा एक वेगळा ट्रेक

पहाटेचे साडेपाच वाजलेत. उंची साधारण साडेचार हजार मीटर. तंबूच्या कापडावर रात्रीचं दव गोठून कडक झालंय आणि समोरचा पांढराशुभ्र पर्वत हळूहळू गुलाबी होतोय. चहा झाला, बूट चढवून झाले, आता फक्त सॅक पाठीवर घ्यायची बाकी आहे. पण गाइडला काही घाई नाही. तो कमरेची विणलेली छोटी पिशवी उघडतो, त्यातली हिरवी पानं एकेक निरखून बघतो आणि प्रत्येकाच्या हातावर तीन-तीन पानं ठेवतो. फाटलेली नाहीत, डागाळलेली नाहीत. ही पानं पंख्यासारखी बोटांत धरायची, ओठांजवळ न्यायची, हलकेच फुंकर घालायची आणि समोरच्या पर्वताचं नाव घ्यायचं.

मग निघायचं.

दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशात, अँडीज पर्वतात असे ट्रेक आता बरेच होतात. चालणं आहेच, दमछाकही आहे. पण सोबत तिथल्या क्वेचुआ भाषा बोलणाऱ्या लोकांची डोंगराशी वागण्याची जी रीत आहे, तीही पाहुण्याला दाखवली जाते. जाहिरातींत याला ‘स्पिरिच्युअल ट्रेक’ म्हणतात. हा शब्द वाचला की मी जरा सावध होते. तरीही गेले काही महिने मी या विषयावर मिळेल ते वाचतेय, पाहतेय. एक गोष्ट आधीच सांगून टाकते, मी अजून पेरूला गेलेले नाही. माझा पगार आणि तिथलं विमानाचं तिकीट यांची अजून ओळख व्हायची आहे.

मग हा विषय का? कारण यातलं बरंच काही मला परकं वाटलंच नाही. मी इंदूरला वाढले, पण आमचं कुलदैवत जेजुरीचं. दर दोन-तीन वर्षांनी आम्ही सगळे गाडी करून जायचो. आजीचे गुडघे दुखायचे तरी ती पहिल्या पायरीला हात लावून कपाळाला लावायची आणि मगच चढायला लागायची. मी एकदा विचारलं होतं, “देव तर वर आहे, पायरीला नमस्कार कशाला?” ती म्हणाली, “चढू देणार तीच ना?”

## आपू म्हणजे कोण?

क्वेचुआ भाषेत ‘आपू’ म्हणजे मालक, धनी. कुस्को शहराच्या परिसरातले मोठे पर्वत हे सगळे आपू आहेत. सालकांताय, पाचातुसान आणि या भागातला सगळ्यांत मोठा मानला जाणारा औसांगाते. हा साधारण 6,380 मीटर उंच आहे. आपल्या कळसूबाईच्या जवळजवळ चौपट!

इथे एक फरक समजून घ्यायला हवा. आपू पर्वतावर राहतो असं नाही, पर्वत हाच आपू. त्याला देऊळ नाही, मूर्ती नाही. पाऊस, गारपीट, झऱ्याचं पाणी, जनावरांचं आरोग्य हे सगळं त्याच्या हातात. तो रागावतो, खूशही होतो. आणि पायाखालची जमीन म्हणजे पाचामामा, भूमाता. तिथे काही प्यायच्या आधी दोन थेंब जमिनीवर सांडायची पद्धत आहे. आपल्याकडे जेवायला बसल्यावर ताटाभोवती चित्राहुती घालतात, ती आठवली ना?

या सगळ्याच्या मुळाशी एक शब्द आहे, ‘आयनी’. इंग्रजी लेखांत त्याचं भाषांतर फार गोड गोड करतात. विश्वाशी एकरूप होणं वगैरे. प्रत्यक्षात हा शेतातला शब्द आहे. आज मी तुझ्या शेतात बटाटे काढायला येते, उद्या तू माझ्याकडे ये. हिशेब पैशात नाही, पण हिशेब आहे आणि तो सगळ्यांच्या लक्षात असतो. आपल्या खेड्यांत याला सावड म्हणत, कुठे इर्जिक म्हणत. अँडीजमधल्या माणसाने हीच सावड डोंगराशीही धरलीय. तू पाणी देतोस, गवत देतोस, तर मी तुला पानं देतो, दाणे देतो, गोडधोड देतो. दिलं नाही तर उधारी चढते.

औसांगातेच्या पायथ्याची बरीच कुटुंबं अल्पाका आणि लामा पाळतात. लोकरीचे, लांब मानेचे हे प्राणी तुम्ही रीलमध्ये पाहिले असतीलच. तिथली एक समजूत मला फार आवडली. अल्पाका माणसाच्या मालकीचे नाहीतच, ते तळ्यांतून आणि झऱ्यांतून बाहेर आले आणि डोंगराने ते माणसाला उसने दिलेत. नीट सांभाळले तर राहतील, हाल केले तर परत जातील.

अर्थात या परंपरेत सगळं गोडच होतं असं समजू नका. इंका साम्राज्याच्या काळात मोठ्या पर्वतांना माणसांचे, लहान मुलांचे बळी दिले जात. 1995 मध्ये अँपातो या बर्फाळ शिखराजवळ अशाच एका मुलीचा पाचशेहून जास्त वर्षांपूर्वीचा गोठलेला देह सापडला. ‘हुआनिता’ या नावाने ती आज अरेकिपा शहराच्या संग्रहालयात आहे. पुढे सोळाव्या शतकात स्पॅनिश आले. त्यांनी डोंगरपूजा म्हणजे मूर्तिपूजा ठरवून ती मोडून काढायला मोहिमा चालवल्या. कुस्कोमधल्या कोरिकांचा या सूर्यमंदिरावर त्यांनी मठ आणि चर्च बांधलं. 1950 च्या भूकंपात वरचं बांधकाम ढासळलं आणि आतल्या इंका भिंती मात्र जशाच्या तशा उघड्या पडल्या.

दगडांचं जे झालं तेच रीतींचं. वरून चर्च, आत डोंगर.

## वाट कशी आहे?

कुस्कोहून पूर्वेला साधारण शंभर किलोमीटरवर तिंकी नावाचं गाव लागतं. औसांगातेची प्रदक्षिणा इथून सुरू होते. हो, प्रदक्षिणाच! शिखर सर करायचं नाही, पर्वताला वळसा घालून परत त्याच गावात यायचं. साधारण 70 किलोमीटर, पाच ते सहा दिवस. सामान घोड्यांवर असतं आणि घोडे हाकणारे ‘आर्रिएरो’ आसपासच्याच वाड्यांचे.

पहिल्या दिवशी उपिसपर्यंत. तिथे गरम पाण्याचे झरे आहेत. दुसऱ्या दिवशीपासून खिंडी सुरू होतात. आरापा खिंड ओलांडली की उतारावर तळी दिसायला लागतात. पुकाकोचा म्हणजे लाल तळं, पुढे औसांगातेकोचा. ‘कोचा’ म्हणजे तळं. पाण्याचा रंग असा की फोटो पाहून मला वाटलं होतं फिल्टर लावलाय. लावलेला नसतो. हिमनदीने दगड घासून जी बारीक पूड केलेली असते, ती पाण्यात तरंगते आणि त्यामुळे तो निळा-हिरवा रंग येतो.

सगळ्यांत अवघड पालोमानी खिंड. जवळजवळ 5,200 मीटर! एव्हरेस्टचा बेस कॅम्प 5,364 मीटरवर आहे, म्हणजे अंदाज करा. दहा पावलं चालायची, थांबायचं, श्वास घ्यायचा, पुन्हा दहा पावलं. माथ्यावर दगडांच्या रचलेल्या राशी दिसतात. त्यांना ‘आपाचेता’ म्हणतात. वाटसरूने खालून एक दगड आणायचा आणि राशीत ठेवायचा. चढणीचा सगळा शीण त्या दगडात सोडून द्यायचा अशी कल्पना. धापा टाकत असताना कोणी आणखी एक दगड उचलायला सांगितला तर चिडचिड होईल असं मला वाटायचं. पण गेलेल्यांच्या अनुभवांत नेमकी तीच गोष्ट पुन्हा पुन्हा येते. हातातला दगड ठेवताना सगळेच गप्प होतात म्हणे.

त्यानंतर आणखी एक पाच हजारी खिंड, मग पाच्चांता गाव. तिथेही गरम पाण्याचं कुंड आहे. चार-पाच दिवस अंघोळ नसताना त्या पाण्यात मानेपर्यंत बसायचं आणि समोर तोच पर्वत, ज्याला आपण पूर्ण वळसा घातला.

जेवणाचं काय, हा प्रश्न आपल्या घरी पहिला येतो. शाकाहारी असाल तर अजिबात घाबरू नका, फक्त बुकिंग करतानाच स्पष्ट सांगा. किन्वाचं सूप, मका, भाज्या आणि बटाटे, बटाटे, बटाटे! बटाटा मूळचा अँडीजचाच. तिथे त्याच्या हजारो जाती आहेत, जांभळे, काळसर, बोटासारखे लांबट. तो युरोपात गेला आणि पोर्तुगिजांबरोबर आपल्याकडे आला. आपला ‘बटाटा’ हा शब्दही पोर्तुगीजच. भुईमूगही दक्षिण अमेरिकेतला. म्हणजे एकादशीला आपण दाण्याचं कूट घालून बटाट्याची भाजी करतो, तेव्हा पाचामामाचंच खात असतो. थंडीत रात्री बाहेर पसरून गोठवलेले आणि दिवसा उन्हात वाळवलेले बटाटे तिथे वर्षानुवर्षं टिकतात. त्यांना ‘चुन्यो’ म्हणतात. चव मात्र सवयीची आहे असं सगळेच सांगतात.

## कागदात बांधलेला नैवेद्य

अशा ट्रेकमध्ये एका संध्याकाळी ‘देस्पाचो’ होतो. हा डोंगराला आणि भूमातेला द्यायचा नैवेद्य. तो करणाऱ्या जाणकाराला ‘पाको’ म्हणतात.

पाको जमिनीवर विणलेलं वस्त्र अंथरतो, त्यावर पांढरा कागद. मग एकेक वस्तू मांडत जातो. कोकाच्या तीन-तीन पानांचे जुडगे, त्यांना ‘किंतू’ म्हणतात. प्रत्येक किंतूवर फुंकर घालून एकेका पर्वताचं नाव. मग मक्याचे दाणे, बिया, शिंपला, रंगीत लोकरीचे धागे, फुलं, साखरेच्या गोळ्या, बिस्किटं, चकाकणारे कागद. डोंगराला गोड आवडतं! त्यात लामाची चरबीही असते आणि मोठ्या विधीत कधी कधी लामाचं वाळवलेलं गर्भातलं पिल्लूही असतं. आपल्यापैकी अनेकांना ते बघवणार नाही, म्हणून आधीच सांगते. सगळी मांडणी झाली की कागदाची घडी घालून दोऱ्याने बांधतात आणि जाळतात किंवा पुरतात. जाळला तर त्याच्याकडे बघत बसायचं नाही. जेवणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून बघू नये, तसंच ते.

तिथल्या लोकांसाठी ऑगस्ट हा देस्पाचोचा मोठा महिना. पेरणीच्या आधी जमीन जागी आणि भुकेली असते, म्हणून तिला भरवायचं. 1 ऑगस्टला घरोघरी हे चालतं. ट्रेकर्ससाठी मात्र तो वर्षभर, बुकिंगप्रमाणे होतो.

## मग ही विकतची पूजा झाली का?

हा प्रश्न मला या लेखात टाळता आला असता. पण टाळला तर उरलेल्या लेखाला काही अर्थ नाही.

कुस्कोच्या चौकात आज विधींचे दरपत्रक मिळतं. ‘शामनसोबत एक तास’ अशा पाट्या दिसतात. मुळात ‘शामन’ हा शब्दच अँडीजचा नाही, तो सैबेरियातून आला. तिथला शब्द पाको. ‘आयावास्का’ नावाचं भ्रम निर्माण करणारं पेयही कुस्कोमध्ये पर्यटकांना देतात आणि सांगतात की ही पर्वतांची परंपरा आहे. ती परंपरा खालच्या ॲमेझॉनच्या जंगलातली. मानसिक आजाराची किंवा हृदयाची औषधं चालू असलेल्यांना ते पेय धोक्याचं ठरू शकतं. अनोळखी जागी, अनोळखी माणसाच्या हातून असं काही पिऊ नका, एवढं मी मोठ्या बहिणीच्या अधिकाराने सांगते.

पाकोंमध्ये सगळ्यांत नाव आहे ते केरो समाजाचं. पाउकार्तांबो भागात, खूप उंचावर, रस्त्यांपासून दूर ही त्यांची गावं. 1955 मध्ये ऑस्कर नुन्येस देल प्रादो या पेरूच्या मानववंशशास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली एक पथक तिथे पोहोचलं आणि या लोकांची बाहेर ओळख झाली. तेव्हा ते जमीनदाराच्या ताब्यातल्या हासिएंदात राबत होते, पुढे त्या जाचातून सुटले. आज केरो पाकोंना अमेरिका-युरोपातून बोलावणी येतात.

यावर दोन टोकांची मतं ऐकू येतात. एक म्हणतं, परंपरा बाजारात आली म्हणजे संपली. दुसरं म्हणतं, सगळं छान, शांती मिळते ना? मला दोन्ही पटत नाहीत. जेजुरीतही भंडारा विकतच घ्यावा लागतो, वाघ्या-मुरळीला जागरणाचे पैसे द्यावेच लागतात. म्हणून जागरण खोटं ठरत नाही. पाकोलाही घर आहे, मुलांच्या शाळेची फी आहे. पैसे घेणं यात गैर काही नाही. पैसे कोणाला मिळतात, हे बघायला हवं. शहरातल्या एजंटने हजारो रुपये घेतले आणि पाकोच्या हातात चहापाण्यापुरते ठेवले, तर मग सावड कसली? आणि आर्रिएरो फाटक्या सपाता घालून बर्फाच्या वाटेवर चालत असेल, तर संध्याकाळी पाचामामाला कितीही गोळ्या-बिस्किटं दिली तरी उधारी फिटत नाही.

औसांगातेभोवतीचे काही ट्रेक चिल्का आणि ओसेफिना या पशुपालक वस्त्यांच्या भागीदारीतून चालतात. मुक्कामाची घरंही त्यांच्याच जमिनीवर. तंबूपेक्षा महाग पडतं, पण पैसा कुठे जातो ते दिसतं. स्वस्तातलं बुकिंग करणार असाल तरी काही प्रश्न नक्की विचारा. पाको कुठल्या गावचा? त्याला किती मिळतात? घोडेवाल्यांना तंबू आणि गरम कपडे कोण देतं? कचरा परत खाली आणता का? ज्याला उत्तरं द्यायची नाहीत, तो विषय बदलतो. तेही एक उत्तरच.

आणि देखावा असेल तर तो देखावा आहे म्हणून सांगावं, एवढंच. कुस्कोला दर 24 जूनला ‘इंती रायमी’ हा सूर्याचा उत्सव होतो. स्पॅनिश राजवटीत तो बंद पडला होता आणि 1944 मध्ये नाट्यरूपाने पुन्हा सुरू झाला. नट असतात, संवाद असतात, तिकीटही असतं. तिथे कोणी कोणाला फसवत नाही आणि लोक आनंदाने जातात.

## जायचंच ठरवलं तर

कुस्को 3,400 मीटरवर आहे, म्हणजे जवळजवळ लेहइतकं. समुद्रसपाटीवरच्या लीमाहून विमानाने तासा-सव्वा तासात तुम्ही तिथे उतरता आणि शरीराला काही कळायच्या आत डोकं ठणकायला लागतं. त्यामुळे पहिले दोन-तीन दिवस ट्रेक नाही. कुस्कोपेक्षा खाली असलेल्या उरुबांबाच्या खोऱ्यात राहा, भरपूर पाणी प्या, सावकाश फिरा. रक्तदाब, दमा, हृदयाचा त्रास असेल तर निघण्याआधी डॉक्टरांशी बोला. डोकेदुखी वाढत गेली, उलट्या झाल्या, तोल जायला लागला तर खाली उतरायचं. तिथे जिद्द दाखवायची नाही.

आई-बाबा किंवा लहान मुलं सोबत असतील तर ही प्रदक्षिणा त्यांच्यासाठी नाही. उरुबांबा खोऱ्यात पिसाक, मोराय अशी ठिकाणं आरामात पाहता येतात आणि देस्पाचो तिथेही होतो. माचूपिचूला जाणारा प्रसिद्ध इंका ट्रेल निवडणार असाल तर काही महिने आधी परवाना काढावा लागतो. रोज फक्त 500 जणांना सोडतात, त्यात गाइड आणि हमालही आले. फेब्रुवारीत तो बंद असतो.

आता कोकाच्या पानांबद्दल. पेरूमध्ये ती कायदेशीर आहेत. हॉटेलात स्वागतालाच कोकाचा चहा मिळतो, उंचीच्या त्रासावर लोक तो पितात. पान म्हणजे कोकेन नव्हे, पण कोकेन याच पानापासून काढतात. भारतात 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात कोकाचं पान स्पष्टपणे बंदीच्या यादीत आहे. त्यामुळे आठवण म्हणून चहाची एक पुडीसुद्धा बॅगेत टाकू नका. विमानतळावर ‘आपूचा प्रसाद आहे’ हे कोणी ऐकून घेणार नाही.

हंगाम मे ते सप्टेंबर. आकाश स्वच्छ असतं, पण रात्री तापमान शून्याच्या बरंच खाली जातं. आणि मे अखेर किंवा जूनमध्ये तिथे असाल तर याच रस्त्यावर, तिंकीच्या जरा पुढे, हजारो माणसं डोंगराकडे चालताना दिसतील.

## बर्फाची यात्रा

ती कोय्युर रिती यात्रेला निघालेली असतात. ईस्टरनंतर 58 दिवसांनी सिनाकारा नावाच्या खोलगट दरीत ही यात्रा भरते. कुस्कोच्या आसपासचे सुमारे 90 हजार लोक येतात. 2011 मध्ये युनेस्कोने तिला जागतिक अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. यात्रेकरूंचे आठ गट आहेत, त्यांना ‘राष्ट्र’ म्हणतात. प्रत्येकाचे वेगळे नाच, वेगळे वेश, वेगळी वाद्यं. आपल्या वारीतल्या दिंड्यांसारखं. माहुआयानी गावापासून सगळे चढत जातात ते एका खडकाकडे. त्या खडकावर ख्रिस्ताची प्रतिमा आहे, एका गुराखी मुलाच्या दंतकथेशी जोडलेली. खडकासमोर मेणबत्त्या लागतात आणि वरच्या हिमशिखरांपुढेही तितक्याच भक्तीने माथा टेकला जातो.

हा काळ कृत्तिकांच्या पुन्हा दिसण्याचा. काही आठवडे सूर्याच्या उजेडात हरवलेला हा तारकापुंज जूनमध्ये पहाटे परत दिसायला लागतो. तिथे त्याचं नाव ‘कोल्का’, म्हणजे कोठार. अँडीजचे बटाटा उत्पादक शेतकरी जूनच्या अखेरीस कृत्तिका किती ठळक दिसतात ते बघून पुढचा पाऊस ओळखतात. अंधुक दिसल्या तर पाऊस लांबणार, मग लागवड पुढे ढकलायची. आपल्याकडे मृगावर डोळा ठेवतात तसं. 2000 साली ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत याचा अभ्यास छापून आला आणि शेतकऱ्यांचा ठोकताळा खरा निघाला. एल निन्योच्या वर्षी आकाशात उंचावर पातळ ढग वाढतात, त्यामुळे तारे अंधुक दिसतात आणि त्याच वर्षी पाऊसही कमी पडतो.

या यात्रेतले सगळ्यांत वेगळे लोक म्हणजे ‘उकुकू’. अर्धा माणूस, अर्धा अस्वल. अंगावर झुलपांचा झगा, तोंडावर लोकरीचा मुखवटा, हातात चाबूक, आवाज मुद्दाम बारीक काढलेला. गर्दीला शिस्त लावायचं काम त्यांचं. आणि रात्री हिमनदीवर चढायचं कामही त्यांचंच. कडाक्याच्या थंडीत, भेगा पडलेल्या बर्फावर. पहाटे ते पाठीवर बर्फाच्या लाद्या बांधून खाली उतरायचे. ते पाणी औषध मानलं जायचं, घरोघरी जायचं, शेतात शिंपडलं जायचं. यात्रेचा प्रसादच तो.

जगातल्या उष्ण कटिबंधातल्या हिमनद्यांपैकी जवळजवळ 70 टक्के एकट्या पेरूत आहेत. तिथल्या सरकारी संस्थेने 2023 मध्ये जाहीर केलं की गेल्या साठेक वर्षांत त्यातला निम्म्याहून जास्त बर्फ गेला. सिनाकारावरची हिमनदीही वर वर सरकत चाललीय. जिथे पूर्वी बर्फावर पाय पडायचा तिथे आता ओला, उघडा खडक आहे. खालच्या वस्त्यांना पाणी याच बर्फाचं, अल्पाकांचं गवत याच पाण्यावरचं.

उसनं दिलेलं परत जाईल, ही गोष्ट ज्यांनी लहानपणापासून ऐकलीय, त्यांना हे बघताना काय वाटत असेल? आणि यात मोटारी, कारखाने त्यांचे नाहीत. माझ्यासारखी कोणी अर्ध्या जगावरून विमानाने तिथे जाईल, तर त्या विमानाचा धूरही त्याच खात्यात जमा होईल. गेले कित्येक दिवस मी तिकिटांचे दर बघतेय आणि दर वेळी हा विचार मध्ये येतो. अजून त्याचं उत्तर मला सापडलेलं नाही.

उकुकूंनी मात्र त्यांच्यापुरता निर्णय घेतला. या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत त्यांनी बर्फाच्या लाद्या तोडणं बंद केलं. पिढ्यान्‌पिढ्यांचा मान होता तो, यात्रेचा कळस होता. तरी सोडला. रात्री ते अजूनही वर जातात, मेणबत्त्या लावतात, गुडघे टेकतात. लोकांनी बर्फ तोडू नये म्हणून पहाराही देतात. आणि उजाडलं की रांगेने खाली येतात, पाठ मोकळी ठेवून.